क्लिंट डेम्प्सीचे मोठेपण नेमके कशात होते?

धागाकर्ता

अमेरिकेच्या पुरुष फुटबॉल संघासाठी सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत सर्वांत वर दोन नावे बरोबरीने उभी आहेत : १५७ सामन्यांत ५७ गोल करणारा लँडन डोनोव्हन आणि १४१ सामन्यांत तितकेच गोल करणारा क्लिंट डेम्प्सी. डोनोव्हनविषयी पुष्कळ लिहिले आणि बोलले जाते. डेम्प्सी मात्र २९ ऑगस्ट २०१८ रोजी, हंगाम चालू असतानाच, निरोपाचा सामना न खेळता निवृत्त झाला आणि त्यानंतर आपल्यासारख्या दुरून फुटबॉल पाहणाऱ्यांच्या बोलण्यातून तो लवकर मागे पडला. त्याच्या कारकिर्दीवर नीट, सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढतो आहे.

माझे मत आधीच मांडतो. अमेरिकेची फुटबॉल-व्यवस्था ज्या प्रकारची मुले सहज गमावून बसते, त्यांच्यापैकी डेम्प्सी एक होता, आणि त्याच्या खेळात जे सर्वांत मोलाचे होते ते त्याला त्या व्यवस्थेबाहेरच मिळाले होते.

त्याचा जन्म ९ मार्च १९८३ रोजी टेक्सासच्या पूर्व भागातल्या नॅकोडोचेस या लहान गावात झाला. आजी-आजोबांच्या परसात उभ्या असलेल्या ट्रेलर-घरात त्याचे कुटुंब काही काळ राहत असे. टेक्सासमधल्या अशा गावात मुलगा वाढतो तो अमेरिकन फुटबॉल पाहत, म्हणजे हातात चेंडू धरून पळण्याचा खेळ पाहत. डेम्प्सीला आपला फुटबॉल भेटला तो तिथे कामासाठी आलेल्या मेक्सिकन कुटुंबांमुळे. मोठा भाऊ रायन याच्याबरोबर तो त्यांच्या मुलांमध्ये आणि पुढे मोठ्या माणसांमध्येही मातीच्या मैदानावर खेळला. आपल्याहून वयाने आणि अंगाने मोठ्या माणसांशी खेळताना लहान मुलाला चेंडू जवळ ठेवायचा असेल, तर ताकद कामी येत नाही. त्याला हूल द्यावी लागते, चेंडू लपवावा लागतो, समोरच्याने पाय घालण्याआधी तो काय करणार हे ओळखावे लागते. पुढे इंग्लंडमधल्या धिप्पाड बचावपटूंसमोर डेम्प्सी जे करताना दिसला, त्याचा उगम मला तिथे दिसतो.

त्याच्यातले गुण ओळखून ‘डॅलस टेक्सन्स’ या नामांकित क्लबने त्याला घेतले खरे, पण डॅलस गावापासून मोटारीने तीन तासांच्या अंतरावर होते आणि क्लबचा खर्च वेगळा. त्याच वेळी त्याची थोरली बहीण जेनिफर टेनिसमध्ये पुढे येत होती. दोन मुलांच्या खेळाचा भार घराला पेलवेना, तेव्हा क्लिंटला क्लब सोडावा लागला. संघातल्या इतर मुलांच्या आईवडिलांनी खर्चाचा आणि ने-आण करण्याचा वाटा उचलला, म्हणून तो परत खेळू शकला. नोव्हेंबर १९९५ मध्ये जेनिफर मेंदूतली रक्तवाहिनी फुटून गेली. ती १६ वर्षांची होती आणि क्लिंट १२ वर्षांचा. गोल केल्यावर तो आकाशाकडे का पाहत असे, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी हे लिहिले.

दक्षिण कॅरोलायनातल्या फर्मन विद्यापीठातून तो २००४ साली मेजर लीग सॉकर या अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत आला. त्या वर्षी पहिली निवड झाली ती १४ वर्षांच्या फ्रेडी अडूची, आणि अमेरिकेतल्या फुटबॉलविषयीचे सगळे कुतूहल त्या मुलाभोवती गोळा झाले होते. डेम्प्सीला न्यू इंग्लंड रेव्होल्यूशनने आठव्या क्रमांकावर घेतले. हंगाम संपला तेव्हा वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू म्हणून निवड झाली ती डेम्प्सीची. न्यू इंग्लंड २००५ आणि २००६ या दोन्ही वर्षी अंतिम सामन्यात हरले. २००६ च्या विश्वचषकात अमेरिकेच्या खेळाडूंपैकी गोल केला तो एकट्या डेम्प्सीने, न्यूरेम्बर्गला घानाविरुद्ध. इटलीविरुद्ध संघाच्या नावावर लागलेला गोल इटलीच्या खेळाडूने आपल्याच जाळ्यात मारला होता.

त्याच वर्षाअखेरीस फुलहॅमने त्याला ४० लाख डॉलर देऊन लंडनला नेले. फुलहॅम तेव्हा तळाच्या धास्तीत जगणारा क्लब होता. ५ मे २००७ रोजी लिव्हरपूलविरुद्ध बदली खेळाडू म्हणून आलेल्या डेम्प्सीने सामन्यातला एकमेव गोल केला, आणि तो इंग्लंडमधला त्याचा पहिलाच गोल होता. फुलहॅमने हंगाम ३९ गुणांवर संपवला आणि खालच्या विभागात गेलेले शेफील्ड युनायटेड ३८ वर राहिले. एका गोलाने एखाद्या क्लबचे पुढचे वर्ष कसे वाचते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आता ज्या गोलासाठी खरे तर हा धागा काढला, त्याकडे येतो. युरोपातल्या क्लबांची युरोपा लीग ही स्पर्धा, १८ मार्च २०१०, फुलहॅमचे मैदान क्रेव्हन कॉटेज. तुरिनमधला पहिला सामना युव्हेंटस या इटालियन क्लबने ३-१ असा जिंकलेला होता. लंडनमध्ये दुसऱ्याच मिनिटाला त्रेझेगेने गोल केला आणि दोन्ही सामन्यांचे मिळून युव्हेंटस ४-१ पुढे गेले. इथून कोणी परत येत नाही. पण फुलहॅमच्या झमोराने नवव्या मिनिटाला एक गोल फेडला, २७व्या मिनिटाला कन्नावारोला, म्हणजे २००६ च्या विश्वविजेत्या इटलीच्या कर्णधाराला, लाल कार्ड मिळाले, आणि गेराच्या दोन गोलांनी मध्यंतरानंतर लगेचच ४-४ अशी बरोबरी झाली. डेम्प्सी गुडघ्याच्या दुखापतीतून नुकताच उठला होता. फुलहॅमचे प्रशिक्षक रॉय हॉजसन यांनी त्याला ७१व्या मिनिटाला मैदानात उतरवले.

८२वे मिनिट. एटुहूचा पास पेनल्टी क्षेत्राच्या कडेशी, उजव्या बाजूला, डेम्प्सीकडे येतो. त्या क्षणी त्याची पाठ जवळजवळ गोलाकडे आहे आणि मागे बचावपटू आहे. अशा जागी बहुतेक खेळाडू चेंडू धरून ठेवतात, साथीदार येईपर्यंत थांबतात किंवा मागे पास देतात. डेम्प्सी वळतो आणि पाय फारसा मागे न नेता चेंडूच्या खाली घालतो. चेंडू जोरात जात नाही. तो अलगद वर उठतो, गोलरक्षकाच्या डोक्यावरून जातो आणि दूरच्या खांबाच्या कोपऱ्यात, आडव्या दांड्याच्या खालून उतरतो. गोलरक्षक आपल्या रेषेपासून थोडा पुढे होता, इतकीच फट होती. वळताना त्याला ती दिसली असेल की ती तिथे असणार हे त्याने आधीच धरले असेल, हे हा गोल कितीही वेळा पाहिला तरी मला ठरवता आलेले नाही.

फुलहॅम अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि हॅम्बुर्गमध्ये जादा वेळेत ॲटलेटिको माद्रिदकडून २-१ असे हरले. त्या सामन्यात डेम्प्सी बदली खेळाडू म्हणून उतरला आणि युरोपच्या मोठ्या क्लब-स्पर्धेचा अंतिम सामना खेळलेला पहिला अमेरिकी पुरुष ठरला.

जाणकारांनी लिहावे. त्याच्या कारकिर्दीचे माप तुम्ही कोणत्या गोष्टीने कराल?

फ्रिस्कोकर

धागा अगदी मनापासून वाचला. आम्ही बरीच वर्षे डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को इथे राहतो आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल हॉल ऑफ फेमचे संग्रहालय आमच्या गावातल्याच स्टेडियमला लागून आहे. २०२२ च्या मे महिन्यात डेम्प्सीला त्यात स्थान देण्यात आले तो समारंभही इथेच झाला. नॅकोडोचेसहून मोटारीने ज्या बाजूला त्याला खेळायला यावे लागत होते, त्याच बाजूला त्याचे नाव शेवटी भिंतीवर लागले, हे मला तिथे उभे असताना फार जाणवले.

तुम्ही खर्चाचा जो मुद्दा मांडला आहे, तो भारतात बसून पूर्ण लक्षात येणार नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. इथे मुलाने चांगला फुटबॉल खेळायचा तर आईवडिलांनी पदरमोड करायची, अशीच रीत आहे. वर्षाची फी वेगळी, गणवेशाचे संच वेगळे, स्पर्धांसाठी दुसऱ्या शहरात जायचे तर शनिवार-रविवारचा हॉटेलचा खर्च वेगळा, आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी सरावाला ने-आण करायला घरातले एक माणूस मोकळे हवे. आमची मुलगी एका क्लबकडून खेळते. काही वर्षांपूर्वी त्याच क्लबच्या मुलांच्या संघात एक अतिशय गुणी मुलगा होता. त्याचे वडील घरांची छपरे घालण्याच्या कामावर होते आणि सकाळी निघालेला माणूस दिवस मावळल्यावर घरी येत असे. मुलगा कधी आमच्या गाडीतून, कधी आणखी कोणाच्या गाडीतून सरावाला येई. नवा हंगाम सुरू झाला आणि तो आला नाही. क्लबला विचारले तेव्हा नोंदणी झालेली नाही, एवढेच उत्तर मिळाले. आम्ही पालकांनी वेळेवर एकत्र बसून काही करायला हवे होते, ते केले नाही. डेम्प्सीच्या वेळी काही घरांनी ते केले होते. तुमचा धागा वाचताना मला सर्वांत जास्त आठवण त्या मुलाची आली.

मधली फळी

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु डोनोव्हनवर थोडा अन्याय होतो आहे असे मला वाटते, म्हणून त्याची बाजू मांडतो. गोल दोघांचेही ५७ असले, तरी डोनोव्हनने अमेरिकेसाठी आणखी ५८ गोलांना पास पुरवले. विश्वचषकात त्याचे पाच गोल आहेत आणि डेम्प्सीचे चार. मेजर लीग सॉकरचा अंतिम सामना डोनोव्हनने सहा वेळा जिंकला, तर डेम्प्सी न्यू इंग्लंडकडून दोनदा आणि सिॲटलकडून २०१७ साली हरला. सिॲटलने २०१६ साली विजेतेपद मिळवले तेव्हा तो आजारपणामुळे मैदानाबाहेर होता. आणि अमेरिकेतल्या सामान्य माणसाला फुटबॉलकडे वळवणारा क्षण कोणता, असे विचारले तर २३ जून २०१० रोजी अल्जीरियाविरुद्ध भरपाई वेळेत झालेला डोनोव्हनचा गोलच सगळे सांगतील. संघ घरी परतण्याच्या बेतात होता आणि त्या एका गोलाने तो गटात पहिला आला.

डेम्प्सीने इंग्लंडमध्ये अधिक काळ काढला, हे मान्य. पण डोनोव्हनही एव्हर्टनकडून दोन वेळा थोड्या काळासाठी खेळला आणि चांगला खेळला. मोठेपणाचे माप युरोपातल्या वर्षांवरच ठरवायचे का, याचा विचार व्हावा.

धागाकर्ता

मधली फळी, आपण आकडे नेमके दिले आहेत आणि त्यांतल्या एकाही आकड्याशी माझा वाद नाही. अल्जीरियाविरुद्धच्या त्या सामन्याबद्दल मात्र दोन गोष्टी पुढे ठेवतो. त्या दिवशी पहिल्या अर्ध्यात डेम्प्सीने केलेला गोल ऑफसाइड ठरवून रद्द करण्यात आला आणि तो निर्णय चुकीचा होता. दुसऱ्या अर्ध्यात त्याचा एक फटका खांबाला लागून परतला. आणि भरपाई वेळेतल्या त्या धावेत ॲल्टिडोरने डावीकडे… नाही, इथे मला सावकाश लिहायला हवे. अमेरिकेच्याच ॲल्टिडोरने गोलासमोर चेंडू दिला, त्यावर आधी पोहोचला डेम्प्सी, त्याचा फटका गोलरक्षकाने अडवला, आणि परतलेल्या चेंडूवर मागून धावत आलेल्या डोनोव्हनने गोल केला. डोनोव्हन योग्य जागी होता आणि त्याचे श्रेय त्याचेच आहे. पण तो क्षण दोघांच्या अंगावरून गेलेला आहे, हे विसरले जाते.

युरोपच्या मुद्द्यावर माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. प्रीमियर लीगमध्ये डेम्प्सीने ५७ गोल केले, त्यांतले ५० फुलहॅमसाठी आणि सात टॉटनहॅमसाठी. राष्ट्रीय संघाइतकाच आकडा इथेही यावा हा योगायोग. इंग्लंडमध्ये तो गेला तेव्हा अमेरिकी खेळाडू म्हणजे धावणारा, झटणारा, शिस्तीचा आणि बहुतेक वेळा गोलरक्षक, अशी तिथे समजूत होती. फ्रीडेल, केलर, हॉवर्ड यांनी तो मान कष्टाने मिळवला होता. डेम्प्सीने तिथे नवी गोष्ट नेली : अमेरिकी खेळाडू काय करील हे समोरच्याला आधी सांगता येणार नाही, ही धास्ती. २०११-१२ च्या हंगामात त्याने लीगमध्ये १७ गोल केले. २१ जानेवारी २०१२ रोजी न्यूकॅसलविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली आणि प्रीमियर लीगमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला अमेरिकी ठरला. त्यानंतर पाचच आठवड्यांनी जिनोआत त्याच्या एकमेव गोलावर अमेरिकेने इटलीला हरवले. इटलीवर अमेरिकेचा तो पहिलाच विजय होता. त्या काही महिन्यांत तो ज्या तऱ्हेने खेळत होता, तसा खेळ अमेरिकेच्या कोणत्याही आघाडीवीराने त्याआधी केलेला नव्हता असे मी म्हणेन.

जुना वाचक

मी या धाग्यावर थोडा कडवट सूर लावतो आहे, त्याबद्दल राग नसावा. टॉटनहॅमला जाण्यासाठी त्याने २०१२ च्या उन्हाळ्यात फुलहॅमकडून खेळणे थांबवले, ही गोष्ट फुलहॅमच्या चाहत्यांना लागली होती. टॉटनहॅममध्ये एक हंगाम काढून, वयाच्या तिसाव्या वर्षी, म्हणजे खेळ ऐन भरात असताना, तो २०१३ साली सिॲटलला परतला आणि त्यासाठी सुमारे ९० लाख डॉलर मोजले गेले. आणखी दोन-तीन वर्षे त्याने इंग्लंडमध्ये काढायला हवी होती असे मला आजही वाटते.

दुसरी गोष्ट २०१५ सालची. यूएस ओपन कपच्या पोर्टलंडविरुद्धच्या सामन्यात त्याने पंचांच्या हातून त्यांची नोंदवही घेऊन फाडली. त्याला लाल कार्ड मिळाले, पुढे बंदी आली. राष्ट्रीय संघाच्या कर्णधाराने असे वागावे याचे समर्थन कोणी करू नये.

धागाकर्ता

जुना वाचक, राग कसला, हे लिहायलाच हवे होते आणि मी ते टाळले होते. नोंदवहीच्या प्रकाराचे समर्थन मी करणार नाही. ती चूक होती आणि बंदी योग्यच होती. ज्या चिडीने तो समोरच्याच्या अंगावर जाऊन खेळत असे, तीच चीड त्या दिवशी नको त्या जागी बाहेर पडली, इतकेच माझे निरीक्षण.

टॉटनहॅमबद्दल मात्र एक नोंद करतो. २९ सप्टेंबर २०१२ रोजी मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर टॉटनहॅम ३-२ जिंकले आणि त्यांतला तिसरा गोल डेम्प्सीचा होता. त्या मैदानावर टॉटनहॅमला १९८९ नंतर विजय मिळालेला नव्हता. तो हंगाम फुलहॅमच्या वर्षांइतका भरीव नव्हता हे खरे, पण वायाही गेला नाही.

परतण्याच्या निर्णयाचा न्याय करताना २०१४ चा विश्वचषक डोळ्यांसमोर ठेवावा, असे सुचवतो. आपल्याकडे १७ जूनची पहाट होती, साडेतीन वाजता सामना सुरू झाला. ज्या घानाने २००६ आणि २०१० अशा दोन्ही विश्वचषकांत अमेरिकेला २-१ असे हरवून घरी पाठवले होते, तोच प्रतिस्पर्धी. मी चहाचे आधण ठेवून नुकताच येऊन बसलो होतो. अर्धे मिनिट झाले असेल नसेल, डावीकडून साथीदार जोन्सने चेंडू दिला, डेम्प्सीने घानाचा बचावपटू जॉन बॉय याला आतल्या बाजूने चकवले आणि डाव्या पायाने खालून फटका मारला. चेंडू दूरच्या खांबाला आतून लागून जाळ्यात गेला. अमेरिकेचा विश्वचषकातला सर्वांत वेगवान गोल तो. तीन वेगवेगळ्या विश्वचषकांत गोल करणारा पहिला अमेरिकी पुरुषही तो तिथेच ठरला. त्याच अर्ध्यात बॉयचा पाय तोंडावर लागून त्याचे नाक मोडले. रक्त पुसून, नाकात बोळे घालून तो पुन्हा उतरला आणि सामना संपेपर्यंत खेळला. सहाव्या दिवशी मानौसच्या उकाड्यात पोर्तुगालविरुद्ध त्याने पोटाने चेंडू जाळ्यात ढकलून संघाला २-१ असे पुढे नेले. शेवटच्या क्षणी पोर्तुगालच्या व्हारेलाने बरोबरी केली ती वेगळी गोष्ट.

फ्रिस्कोकर

आजारपणाचा उल्लेख वर ओझरता आला आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या हृदयाचे ठोके अनियमित असल्याचे आढळले आणि उरलेला हंगाम त्याला सोडावा लागला. ३३ व्या वर्षी असे निदान झालेला खेळाडू परत येईल असे इथे फार थोड्यांना वाटत होते. २४ मार्च २०१७ रोजी सॅन होजेमध्ये होंडुरासविरुद्धच्या पात्रता सामन्यात तो परतला आणि त्याने तीन गोल केले, अमेरिका ६-० जिंकली. तो सामना आम्ही घरी सगळे मिळून पाहिला. तिसरा गोल फ्री किकवर होता. मुलगी तेव्हा लहान होती, तिने विचारले की हे आजोबा आहेत का, इतकी त्याच्या परतण्याची चर्चा आम्ही घरात केली होती. त्या वर्षी लीगने पुनरागमनासाठीचा पुरस्कार त्यालाच दिला.

मधली फळी

डोनोव्हनची बरोबरी करणारा ५७वा गोलही त्याच वर्षी, जुलैत गोल्ड कपच्या उपांत्य सामन्यात कोस्टा रिकाविरुद्ध झाला. तोही फ्री किकवर. त्यानंतर त्याला आणखी सामने मिळाले होते. मग ५८वा का झाला नाही?

धागाकर्ता

होता होता राहिला. १० ऑक्टोबर २०१७, त्रिनिदादमधले कूव्हा हे गाव, विश्वचषक-पात्रतेचा शेवटचा सामना. अमेरिकेला फक्त बरोबरी हवी होती आणि मध्यंतराला ती २-० अशी मागे होती. डेम्प्सी मध्यंतरानंतर उतरला. पुलिसिकने लगेच एक गोल फेडला. मग सामन्याची शेवटची पंधरा-एक मिनिटे राहिली असताना डेम्प्सीने पेनल्टी क्षेत्राबाहेरून फटका मारला. गोलरक्षक हरला होता. चेंडू खांबाला लागून बाहेर आला.

तो आत गेला असता तर २-२ झाले असते, अमेरिका २०१८ च्या विश्वचषकासाठी रशियाला गेली असती आणि यादीत सर्वांत वर एकच नाव राहिले असते. डेम्प्सी त्यानंतर अमेरिकेकडून पुन्हा खेळला नाही.